एका खाटेचा हिशेब

तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरील छत्रांमध्ये रोज मध्यरात्री घंटा वाजवली जात असे. घंटेपाठोपाठ पुकारा होई की, ज्यांचे अद्याप जेवण झाले नसेल त्यांनी यावे, त्यांच्यासाठी भात राखून ठेवला आहे. दिवसभर चालून थकलेला, अंधारात वाट चुकलेला, उशिरा पोहोचलेला एखादा यात्रेकरू त्या पुकाऱ्याने जागा होई, पानावर बसे आणि मग त्याच आवारातील ओसरीवर अनोळखी माणसांच्या रांगेत पथारी पसरून झोपी जाई.

ही हकिगत कोणा दंतकथेतील नाही. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे यांनी १८०१ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात छत्रांच्या कारभाराचे असे वर्णन आले आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे मानमरातब उरला होता, सत्ता उरली नव्हती. अशा स्थितीत छत्रांचे उत्पन्न आणि व्यवस्था अबाधित राहावी, हा त्या पत्राचा रोख होता. ब्राह्मणापासून परय्यापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी अशा सर्व वाटसरूंना तेथे शिजवलेले अन्न मिळे. ज्यांना दुसऱ्याच्या हातचे चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. आजारी प्रवाशाला बरे वाटेपर्यंत औषधपाणी, गरोदर स्त्रीची काळजी, वाटेत पोरके झालेल्या मुलांना शाळामास्तरांच्या देखरेखीखाली जेवण आणि शिक्षण, इतका सारा व्याप त्या छत्रांनी सांभाळला होता. आपण ज्याला ‘अन्नछत्र’ म्हणतो त्यातील ‘छत्र’ हाच तो शब्द. तमिळ प्रदेशात तो आजही ‘छत्रम्’ म्हणून वावरतो. तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाडू येथे सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास उभारलेले मुक्तांबाळ छत्रम् दगडी रथाच्या आकाराने आजही ओळखू येते.

पाठीवर सॅक लावून गोकर्ण, ऋषिकेश किंवा हम्पीला उतरणारा आणि आठ खाटांच्या खोलीतील एक खाट भाड्याने घेणारा आजचा तरुण या वाटसरूचाच वारस आहे, हे त्याला स्वतःला बहुधा ठाऊक नसते. तो इतकेच जाणतो की, हॉटेलची खोली परवडत नाही आणि खाट परवडते. परंतु ज्याने वाणिज्य शाखेचे पहिले पुस्तक उघडले आहे, त्याला एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही. प्रत्येक नावे नोंदीला कोठेतरी जमा नोंद असतेच. मग प्रवाशाने जे पैसे वाचवले, ते कोणी भरले?

छत्रांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. ते दात्याने भरले. जमिनी आणि गावांचे उत्पन्न छत्रांना लावून दिलेले असे आणि त्यातून तांदूळ, मीठ, तेल आणि नोकरांचा पगार भागे. उत्तरेकडे याहून जुना प्रयोग झाला होता. शेरशाह सूरीने १५४० ते १५४५ या अवघ्या पाच वर्षांच्या राजवटीत रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराई बांधल्या. त्याचा चरित्रकार अब्बास खान सरवानी या सराईंचा आकडा १७०० देतो. हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी निरनिराळी सोय, दारात पाण्याचे रांजण, हिंदूंची उठबस पाहण्यासाठी ब्राह्मण नोकर आणि घोड्यांना दाणावैरण, अशी तेथील व्यवस्था असे. राजाला यात पुण्य दिसत होते आणि व्यापारही. माल सुरक्षित पोहोचला तर जकात वाढते, हे हिशेबी मनाच्या शेरशाहला सांगावे लागले नसेल.

दात्याच्या पैशाने चालणारे हे सामायिक निवास संपलेले नाहीत. अमृतसरला श्री गुरू रामदास सराय, नांदेडला तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या परिसरातील यात्री निवास, पंढरपूर, शिर्डी, शेगाव येथील भक्तनिवास ही त्याच परंपरेतील नावे. अशा ठिकाणी राहण्याची एक रीत असते आणि अनुभवी यात्रेकरू ती बरोबर पाळतो. तो स्वतःचे कुलूप घेऊन निघतो, कारण दाराला कडी असते, कुलूप असेलच असे नाही. एक चादर, एक दोरी, प्लास्टिकचा मग आणि पायातील चपला ठेवण्यासाठी कापडी पिशवी एवढा ऐवज त्याच्या सामानात असतोच. मुक्काम दोन-तीन दिवसांपुरता मर्यादित असेल, हेही तो गृहीत धरतो. ही मर्यादा पुष्कळांना जाचक वाटते. पण ती नसेल तर दात्याची खाट वाटसरूऐवजी बिऱ्हाडकरूच्या ताब्यात जाईल, ही साधी गोष्ट धर्मशाळेचा कोणताही जुना मुनीम सांगू शकेल.

पैशाचा प्रश्न असा सुटला, तरी त्याहून अवघड असा एक प्रश्न धर्मशाळेच्या उंबरठ्यावर उभा असे. आत कोणी यायचे?

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन येथे शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्याच्या स्थानकावर उतरला. हिंदू खाणावळीत त्याला जागा मिळणार नव्हती, कारण जात विचारली जाणार होती. म्हणून तो पारशी सरायकडे गेला. तेथे बिगरपारशी माणसाला ठेवण्याची मुभा नव्हती. व्यवस्थापकाला मात्र गिऱ्हाईक हवे होते. वहीत पारशी नाव लिहावे, या अटीवर सौदा ठरला. माडीवरच्या एका छोट्या खोलीत त्या तरुणाचा मुक्काम पडला. बाहेरच्या मोठ्या दालनात जुने मोडके सामान भरलेले, दिवा नाही, वटवाघळांचा फडफडाट. दिवसभर कचेरीत काम करून रात्री तो तेथे एकटा पुस्तक वाचीत बसे. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. त्या दिवशी कोणाही मित्राने त्याला घरात घेतले नाही. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंतचे पाच तास त्याने एका सार्वजनिक बागेत बसून काढले. या तरुणाचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतः सांगितला आहे. त्यांना त्या सरायीत दान नको होते. भाडे देण्यास ते तयार होते आणि देतही होते.

याच काळात विदर्भातून निघालेला, डोक्यावर मडक्याचे खापर आणि हाती खराटा घेतलेला एक माणूस महाराष्ट्रभर हिंडत होता. गाडगे महाराजांनी पंढरपुरात जी धर्मशाळा उभारली तिला चोखामेळ्याचे नाव आहे, आणि ती कोणासाठी उभारली हे त्या नावातच लिहिलेले आहे. वारीत चालताना एका दिंडीत, एका तालावर चालणारी माणसे मुक्कामाला मात्र वेगळी होत, आणि काहींना तर चंद्रभागेच्या वाळवंटाखेरीज मुक्कामच नसे. १९४९ साली गाडगे महाराजांनी ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. बडोद्याच्या सरायीतून घालवून दिलेल्या माणसाच्या हाती पंढरपूरच्या धर्मशाळेच्या किल्ल्या येण्यास बत्तीस वर्षे लागली.

सामायिक निवासाचा दुसरा मोठा प्रवाह युरोपातून आला. त्यात दाता नव्हता, एक शाळामास्तर होता.

जर्मनीतील आल्टेना या लहानशा औद्योगिक गावी रिखार्ड शिरमान नावाचे शिक्षक होते. धुराने काळवंडलेल्या गावातील मुलांना चार भिंतींबाहेर नेऊन शिकवावे, अशी त्यांची धारणा होती. ऑगस्ट १९०९ मध्ये ते मुलांना घेऊन आल्टेनाहून आखेनकडे अनेक दिवसांच्या पदयात्रेस निघाले. ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळाने त्यांना गाठले. अखेरीस एका खेड्यातील शाळेत आसरा मिळाला. बाके बाजूला सारून जमिनीवर पेंढा अंथरला गेला. मुले झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या आणि मास्तर जागेच होते. सुट्टीत तर सगळ्याच शाळा रिकाम्या असतात, हा विचार त्यांना त्या रात्री सुचला. एक दिवसाच्या चालीवर एक अशा गावोगावच्या शाळांमध्ये मुलांसाठी एक खोली, मुलींसाठी एक खोली आणि थोडा पेंढा एवढे ठेवले, तर गरिबाचे मूलही देश पाहू शकेल.

कल्पना एवढीच. तीत नवीन इमारत बांधायची नव्हती की भांडवल उभारायचे नव्हते. असलेली आणि पडून राहिलेली जागा वापरात आणायची होती. शिरमान यांनी प्रथम स्वतःच्याच शाळेच्या वर्गात हा प्रयोग केला. १९१२ मध्ये आल्टेनाच्या डागडुजी केलेल्या जुन्या किल्ल्यात कायमचे युवा वसतिगृह आकारास आले. जगातील पहिले युवा वसतिगृह म्हणून त्याचीच नोंद होते. जाडजूड लाकडाच्या, एकावर एक अशा तीन मजली खाटा असलेली तेथील निजण्याची दालने संग्रहालय म्हणून जतन केलेली आहेत. त्या खाटा पाहिल्या की रेल्वेच्या शयनयान डब्याची आठवण कोणाही भारतीयाला यावी.

पहिल्या महायुद्धात शिरमान फ्रान्सच्या व्होज डोंगररांगांत आघाडीवर होते. १९१५ च्या नाताळात तेथे काही काळ बंदुका थांबल्या. समोरासमोरच्या खंदकांतील सैनिक बाहेर आले आणि त्यांनी खाण्यापिण्याच्या वस्तूंची देवघेव केली. हे पाहिलेल्या मास्तरांच्या मनात वसतिगृहाच्या कल्पनेला दुसरा अर्थ चिकटला. निरनिराळ्या देशांतील तरुण एका छपराखाली झोपले, एका चुलीवर स्वयंपाक करू लागले, तर कदाचित एकमेकांवर बंदुका रोखताना त्यांचा हात अडखळेल. १९३२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे आंतरराष्ट्रीय युवा वसतिगृह महासंघ स्थापन झाला आणि शिरमान त्याचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. वसतिगृहे ‘हिटलर युवक’ संघटनेच्या ताब्यात गेली, ज्यू तरुणांना ती दारे बंद झाली आणि ज्याने ती उघडली होती त्या शिरमान यांनाच पदावरून दूर व्हावे लागले. १९३६ पर्यंत आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदही त्यांच्याकडे राहिले नाही. बडोदा आणि बर्लिन यांच्यात अंतर पुष्कळ आहे. उंबरठ्यावरचा प्रश्न मात्र एकच दिसतो.

इंग्लंडमध्ये ही चळवळ १९३० साली पोहोचली. इतिहासकार जी. एम. ट्रेव्हेल्यन तिचे पहिले अध्यक्ष होते आणि एका रात्रीचे भाडे होते एक शिलिंग. एका शिलिंगमध्ये खाट मिळे, नोकर मिळत नसे. सकाळी निघण्यापूर्वी प्रत्येकाला वॉर्डनने नेमून दिलेले काम करावे लागे. कोणी जिना झाडी, कोणी बटाटे सोली, कोणी भांडी घाशी. स्वतःची चादरीची शिवलेली पिशवी बरोबर आणावी लागे, म्हणजे गादी मळत नसे आणि धुण्याचा खर्च वाचे. रात्री ठरल्या वेळी दिवे मालवले जात. दिवसा वसतिगृह बंद असे. मोटारीतून येणाऱ्याला प्रवेश नसे. पायी किंवा सायकलने आलेल्यालाच खाट मिळे. हे नियम पुढील काळात सैल झाले. पण त्या शिलिंगचा हिशेब यांतून उलगडतो. उरलेली रक्कम दात्याने भरलेली नव्हती. ती प्रवाशाने आपल्या हातांनी भरली होती.

भारतात युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९४९ मध्ये स्थापन झाली. दिल्लीत चाणक्यपुरीतील तिचे आंतरराष्ट्रीय वसतिगृह अनेकांना परिचित आहे. परंतु महाराष्ट्रातील मध्यमवर्गाची या संस्थेशी खरी ओळख झाली ती हिमालयातील पदभ्रमण मोहिमांतून. पार्वती खोऱ्यातील कसोलच्या तळावरून निघणारी सार पासची मोहीम आठवत असलेला एक तरी सहकारी बहुतेक प्रत्येक शाखेत सापडतो. एका तंबूत अनोळखी माणसे, रांगेत उभे राहून घ्यायचे जेवण, स्वतःचे ताट स्वतः घासणे (तेही बर्फासारख्या पाण्यात), रात्री लाकूड न जाळता दिव्याभोवती बसून केलेला ‘कॅम्पफायर’, त्यानंतर गरम बोर्नव्हिटा आणि मग दिवे बंद. मुख्य व्यवस्थापक असो वा नुकताच रुजू झालेला लिपिक, ताट ज्याचे त्यानेच घासायचे. शाखेत परतल्यावर त्या दोघांचे वागणे पूर्वीसारखेच होत असेल, असे म्हणवत नाही.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतात तिसऱ्या प्रकारचे सामायिक निवास बहरले. बॅकपॅकर हॉस्टेल म्हणून ते ओळखले जाते. तेथे दाता नाही, बटाटे सोलणेही नाही. तो उघड व्यवसाय आहे आणि त्याचे गणित मोठे रंजक आहे.

समजा, एका खोलीचा रात्रीचा एकंदर खर्च आणि नफा मिळून २४०० रुपये वसूल व्हायला हवेत. हॉटेलवाला ती खोली दोघांना देतो. माणशी १२०० रुपये पडतात. एकटाच प्रवासी आला तर पूर्ण २४०० रुपये त्याच्या माथी येतात, मग दुसरी खाट मोकळी राहो. हॉस्टेलचा मालक त्याच खोलीत दोन मजली चार पलंग टाकतो आणि आठ खाटा प्रत्येकी ३०० रुपयांना विकतो. एकट्या प्रवाशाचे २१०० रुपये वाचले. ते कोणी भरले? उरलेल्या सात जणांनी. म्हणजे वरच्या खाटेवर घोरणारा गृहस्थ हा आपल्या प्रवासाचा भागीदार आहे, ही जाणीव ठेवली तर त्याचे घोरणे थोडे सुसह्य व्हावे. कानात घालायचे बोळे मात्र जवळ असलेले बरे.

या गणिताला एक दुसरी बाजूही आहे. रात्रीची न विकली गेलेली खाट ही मंडईतील कोथिंबिरीच्या जुडीपेक्षाही नाशवंत. जुडी निदान दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भावात जाते. कालची रात्र आज कोणत्याच भावाला जात नाही. त्यामुळे हॉस्टेलचे दर हंगामागणिक, वारागणिक बदलतात. मंगळवारी निघणारा प्रवासी शनिवारी निघणाऱ्यापेक्षा पुष्कळ कमी पैशांत राहू शकतो. रजेचा अर्ज करताना नोकरदार वाचकांनी एवढे ध्यानात घेतले, तरी एखाद्या दिवसाचा मुक्काम फुकट पडल्यासारखा होईल.

दरपत्रकात मात्र सगळ्या अटी लिहिलेल्या नसतात. लॉकर असतो, कुलूप स्वतःचे लागते. टॉवेल बहुधा वेगळ्या भाड्याने मिळतो. सामायिक स्वयंपाकघरातील शीतकपाटात डब्यावर नाव आणि तारीख चिकटवली नाही, तर दही सर्वांचे होते. पहाटेची गाडी असेल त्याने सॅक आदल्या रात्रीच भरून ठेवावी. अंधारात प्लास्टिकच्या पिशव्यांची सळसळ करणाऱ्याला सात जणांचे मौन शाप मिळतात. मोबाईलचा दिवा खाली वळवावा, गजर लावला तर पहिल्याच ठोक्याला बंद करावा. ओला टॉवेल दुसऱ्याच्या शिडीवर टाकू नये. रोख रक्कम आणि कार्ड एकाच पाकिटात ठेवू नये. थोडी रोकड सॅकच्या आतल्या कप्प्यात, थोडी अंगावर, आणि खर्चासाठी एक वेगळे खाते, ज्यात गरजेपुरतीच शिल्लक असेल, अशी विभागणी केली की एक पाकीट हरवले तरी प्रवास मोडत नाही. दहा अनोळखी माणसांच्या देखत यूपीआयचा पिन दाबणे हेही टाळलेलेच बरे.

एकट्या निघणाऱ्या स्त्रियांसाठी हा प्रकार विशेष उपकारक ठरला आहे. अनोळखी गावात हॉटेलच्या बंद खोलीत एकटीने राहण्यापेक्षा केवळ महिलांसाठी राखलेल्या सहा खाटांच्या दालनात, आणखी पाच जणींच्या सोबतीने राहणे अनेकींना अधिक निर्धास्त वाटते. घरची परवानगीही त्या शब्दांवर लवकर मिळते. खाट आरक्षित करताना महिलांचे दालन वेगळे आहे ना, स्नानगृह दालनातच आहे की जिन्याखाली, रात्री स्वागतकक्षात माणूस असतो का, हे तीन प्रश्न विचारून घ्यावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर दुसरे ठिकाण पाहावे.

उंबरठ्याचा प्रश्न येथेही सुटलेला नाही, त्याने वेश बदलला आहे. भारतातील अनेक हॉस्टेलांत स्थानिक पत्त्याचे ओळखपत्र असणाऱ्यास प्रवेश नाकारला जातो. पुण्याचा पत्ता असलेल्या माणसाला पुण्यातच खाट मिळत नाही. काही ठिकाणी वयाची मर्यादा असते. साठीच्या गृहस्थाने विचारणा केली की जागा भरल्याचे सांगितले जाते. यामागे मालकांची काही व्यावहारिक कारणे असतात. स्थानिक टोळकी पार्टीसाठी येतात, अशी त्यांची नेहमीची तक्रार. परंतु घरातून रात्री बाहेर पडावे लागलेली एखादी स्त्री किंवा भाड्याच्या खोलीचा करार संपलेला विद्यार्थी हेही स्थानिकच असतात. नियम त्यांना टोळक्यात धरतो.

ज्याला एवढा व्याप नको, केवळ एका रात्रीपुरती पाठ टेकायची आहे, त्याच्यासाठी रेल्वे आहे. स्पर्धा परीक्षेला किंवा नोकरीच्या मुलाखतीला परगावी जाणाऱ्या हजारो तरुणांचे खरे हॉस्टेल म्हणजे मोठ्या स्थानकावरील विश्रामकक्षातील शयनदालन. प्रवासाच्या तिकिटावरील पीएनआर क्रमांक दाखवला की तेथील खाट बारा किंवा चोवीस तासांसाठी आरक्षित करता येते. २०२४ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेच्या शिफारशीनंतर रेल्वेच्या विश्रामकक्षांवरील हा करही उठला. नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर ४८ कक्षांचे ‘पॉड हॉटेल’ सुरू झाले, तेव्हा त्याचे कौतुक नावीन्य म्हणून झाले. तशा कप्प्यांचे पहिले हॉटेल जपानमधील ओसाका येथे १९७९ सालीच उघडले होते. वास्तुकार किशो कुरोकावा यांनी ते आखले होते. शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदाराला घरच्या टॅक्सीच्या भाड्यापेक्षा हा कप्पा स्वस्त पडे. मुंबईत शेवटची लोकल चुकलेल्या माणसाला हे गणित वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

बँकेच्या नोकरीत बदलीच्या पहिल्या काही महिन्यांत असे सामायिक राहणे अनेकांच्या वाट्याला येते. नव्या गावी तीन-चार अधिकारी मिळून एक सदनिका घेतात. एकाला पोळ्या येतात, दुसऱ्याला केवळ वरण, तिसरा बाजारहाट करतो. महिनाअखेरीस वहीतील खर्चाची विभागणी होते, आणि दिवसभर लाखोंचे ताळेबंद जुळवणाऱ्या या मंडळींचा अकरा रुपयांचा फरक रात्री बारापर्यंत सापडत नाही. हॉलिडे होममध्ये सहकुटुंब उतरणाऱ्यांनाही शेजारच्या खोलीतील आसामी किंवा मल्याळी सहकाऱ्याशी पहिली ओळख सामायिक गॅसच्या शेगडीपाशीच होते.

आतापर्यंतचे सारे प्रवासी आपल्या इच्छेने निघालेले होते. काही प्रवास असे असतात की त्यांत इच्छेला स्थान नसते. परळच्या टाटा रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येतात. बंगाल, बिहार, आसाम, उत्तर प्रदेश येथून दोन-दोन रात्रींचा रेल्वे प्रवास करून. तपासण्या, किरणोपचार, केमोथेरपी यांची आवर्तने महिनोन्महिने चालतात. मुंबईतील हॉटेलचे भाडे हे कुटुंब आठवडाभरही देऊ शकत नाही, आणि औषधांसाठी शेत गहाण टाकून आणलेले पैसे भाड्यात घालणे त्याला मानवत नाही. म्हणून रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर ताडपत्रीखाली बिऱ्हाडे दिसतात. सलाईनची खूण हातावर असलेली मुले तेथे झोपलेली असतात. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच कुटुंबांना आसरा देते, आणि शहरातील इतर काही न्यासही.

येथे तीन दिवसांचा नियम चालवता येत नाही, कारण केमोथेरपीचे आवर्तन तीन दिवसांत आटोपत नाही. प्रवेशासाठी अशा ठिकाणी साधारणतः रुग्णालयाचा कागद दाखवावा लागतो. जात, गाव, वय यांपैकी काहीही त्या कागदाहून मोठे नसते. आणि खाट मिळाली म्हणजे दिवस पार पडला असेही नाही. रुग्णाला तिखट चालत नाही, उलट्या होतात, रात्री-अपरात्री पेज लागते. त्यासाठी चूल हवी, भांडे हवे, आणि शेजारच्या खाटेवरची बाई जागी असेल तर दोन वाटी तांदूळही तिच्याकडूनच उसने मिळतात. तिचे गाव कोठले आहे, हे पहिल्या रात्री कोणी विचारत नाही. तांदूळ धुऊन होतात, पेज शिजत असते, तेवढ्यात कधीतरी ते आपणहून निघते.